सिकंदर साहेबाचा पिवळा रिसाला

१७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी एक हुकूम काढला. ज्याची आई हिंदुस्थानी आहे, अशा कोणाही मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत घ्यायचं नाही. चार वर्षांनी हा फास आणखी आवळला गेला. ज्यांच्या आईबापांपैकी एकजण जरी युरोपी नसेल, त्यांना पलटणीत शिरायचंच असेल तर त्यांनी बाजेवाला, ढोलवाला नाहीतर नालबंद म्हणून शिरावं. त्या वेळी कलकत्त्यात कंपनीच्या अंमलदारांना हिंदी बायकांपासून झालेली पुष्कळ मुलं लहानाची मोठी होत होती. बापाची तलवार घरात टांगलेली, आणि तिला हात लावायची मात्र बंदी. त्यांतलाच एक जेम्स स्किनर.

पुढे कंपनीच्या फौजेत ज्याच्या घोडेस्वारांचं नाव सगळ्यांत मोठं झालं, तो अंमलदार हाच. पण त्याआधी त्याने काही वर्षं मराठ्यांची चाकरी केली होती, आणि माझं ठाम मत असं की त्याच्या पुढच्या कर्तबगारीची मुळं त्या चाकरीत आहेत. इंग्रजी पुस्तकांत स्किनरची गोष्ट बहुधा १८०३ पासून, म्हणजे तो कंपनीकडे आल्यापासून रंगात येते. मराठी वाचकाने ती त्याच्या आधीपासून वाचायला हवी.

जन्म १७७८, कलकत्ता. बाप हर्क्युलस स्किनर, स्कॉटलंडचा, कंपनीच्या फौजेतला अंमलदार. आई राजपूत, एका जमीनदाराची मुलगी. बनारसकडच्या लढाईत ती चौदा वर्षांची असताना कैद झाली आणि हर्क्युलसच्या आश्रयाला आली. तिला सहा मुलं झाली, तीन मुलगे आणि तीन मुली. मुलींना पडद्याबाहेर काढून शाळेत घालायचं बापाने ठरवलं, तेव्हा राजपुतांची अब्रू गेली असं मानून तिने स्वतःचा जीव घेतला. साल १७९०. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा होता. आपल्या आठवणींत त्याने हे आडपडदा न ठेवता लिहून ठेवलं आहे.

बापाने त्याला आधी धर्मादाय शाळेत आणि मग महिना तीस रुपये फीच्या वसतिशाळेत ठेवलं. पलटण बंद, म्हणून छापखान्यात उमेदवारीला लावलं. पोरगा दोन-तीन दिवसांत तिथून पळाला. खिशात चार आणे. ते संपल्यावर त्याने बाजारात हमाली केली, सुताराच्या हाताखाली करवत ओढली. शेवटी बहिणीच्या नवऱ्याच्या नोकराने त्याला ओळखून घरी आणलं आणि मेहुण्याने त्याला वकिली कागदांच्या नकला करायला बसवलं. सैनिक व्हायचं वेड मात्र जाईना. तेव्हा त्याच्या धर्मपित्याने, कर्नल बर्नने, त्याच्या हातावर तीनशे रुपये ठेवले आणि पुढे द बुआन्यच्या नावे एक चिठ्ठी दिली.

बन्वा द बुआन्य हे त्याचं पूर्ण नाव. मराठी कागदांत तो डिबॉईन म्हणून येतो. सव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा हा माणूस १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या चाकरीत होता. त्याने कवायती पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना तोफा जोडून दिल्या आणि १७९० साली पाटण व मेडता या दोन लढायांत राजपूत घोडदळाला त्या पलटणी काय करू शकतात ते दाखवलं. त्याची खरी ताकद पगारात होती. महादजींनी गंगा-यमुनेच्या दुआबातला मोठा मुलूख या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला होता, त्याचा वसूल डिबॉईनच्या हाती येई, आणि शिपायाला पगार वेळेवर मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीला हिंदुस्थानात हे फार थोड्या फौजांबद्दल म्हणता येत होतं. थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसणं हाच तेव्हाचा रिवाज.

महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव गादीवर आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात सतरा वर्षांचा जेम्स स्किनर चिठ्ठी घेऊन अलिगढला, म्हणजे त्या वेळच्या कोइलला, डिबॉईनसमोर उभा राहिला. डिबॉईनने त्याला महिना दीडशे रुपयांवर निशाणाचा अंमलदार नेमलं आणि मथुरेला नजीब पलटणीत पाठवलं. नजीब म्हणजे तोड्याची बंदूक आणि ढाल-तलवार वागवणारं पायदळ. पलटणीचा मुख्य पोलमन नावाचा जर्मन. हाच पोलमन पुढे १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी घेऊन आर्थर वेलस्लीशी लढला.

मथुरेच्या छावणीत स्किनर कवायत शिकला, पण तिच्यात गुंतून राहिला नाही. रिकाम्या वेळात तो मराठे सरदारांच्या डेऱ्यांत जाऊन बसे. भाला, तीरकमान, तोड्याची बंदूक आणि तलवार हे सगळं तो त्यांच्या माणसांत राहून शिकला. स्वार घोडा फेकता फेकता भाल्याचं टोक कसं नेमकं उतरवतो, पागेत कोणाचा मान कुठे, पंगतीत कोण कुठे बसतं, कोणत्या माणसाशी कोणत्या शब्दात बोलावं, याची जाण त्याला तिथे आली. फारसी त्याला लिहिता-बोलता येत होती. कंपनीच्या गोऱ्या कप्तानाला ही विद्या मिळवायला दुभाषा आणि मुन्शी लागे; स्किनरला ती वयाच्या विशीत, बरोबरीच्या माणसांकडून मिळाली.

डिबॉईन लवकरच प्रकृतीच्या कारणाने निघून गेला आणि त्याची जागा पेराँ या फ्रेंचाने घेतली. शिंद्यांच्या घरातही भाऊबंदकी पेटली होती. महादजींच्या विधवा बायांनी दौलतरावांविरुद्ध उठाव केला आणि लखबादादा लाड त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे लखबादादांशी समेट झाला, मग पुन्हा बिनसलं. त्यामुळे स्किनरला चितोडच्या मोहिमेत लखबादादांच्या विरुद्ध लढावं लागलं आणि मालपुऱ्याला त्यांच्याच हुकमतीखाली. शिंद्यांच्या फौजेतल्या साध्या अंमलदाराच्या नशिबी त्या वर्षांत हेच होतं. आज ज्याच्यावर तोफ रोखली, उद्या त्याच्याच डेऱ्यात मुजऱ्याला जायचं.

मालपुऱ्याची लढाई १८०० च्या एप्रिलमधली. समोर जयपूरचा राजा प्रतापसिंह, आणि त्याच्या मदतीला आलेले जोधपूरचे राठोड. राठोड स्वारांनी दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाच्या पलटणीवर घोडी घातली. तोफांच्या छऱ्यांनी पुढची रांग लोळवली तरी मागची रांग पडलेल्यांवरून पुढे आली आणि पलटण अक्षरशः तुडवली गेली. मग राठोड तिथे थांबले नाहीत. मराठी घोडदळाचा पाठलाग करत ते रणाच्या पार निघून गेले. इकडे पोलमनच्या पलटणींनी जयपूरचं पायदळ मोडलं. राठोड विजयाचे नगारे वाजवत परत आले तेव्हा मैदान शत्रूच्या हातात होतं आणि तोफा त्यांच्याकडे वळलेल्या होत्या. घोडदळाच्या धाडसाचं आणि त्याच घोडदळाला आवरता न येण्याचं असं एकाच दिवसात घडलेलं उदाहरण स्किनरने डोळ्यांनी पाहिलं. पुढे स्वतःच्या स्वारांना त्याने पाठलाग कुठे सोडायचा हे शिकवलं, त्यामागे मला हा दिवस दिसतो.

त्याच संध्याकाळची एक हकिगत त्याने सांगितली आहे. जयपूरच्या राजाच्या रिकाम्या पडलेल्या डेऱ्यात तो शिरला. हिऱ्याच्या डोळ्यांच्या दोन सोन्याच्या मूर्ती त्याने अंगरख्यात घातल्या. शिवाय एक पितळी मासा सापडला, दोन चवऱ्या लटकवलेला. वस्तू चमत्कारिक वाटली म्हणून त्याने ती घोड्याला बांधली आणि छावणीत आला. बघणारे लोक दचकले. तो माही मरातब होता, मोगल बादशहाने राजाला दिलेला मोठा मान. एरवी तो हत्तीवरून मिरवायचा. बावीस वर्षांच्या पोराने तो खोगिराला टांगून आणला होता. त्याने मासा सरदारांच्या हवाली केला आणि बक्षीस मिळवलं.

याच काळातला उणियाऱ्याचा प्रसंग मात्र त्याच्या मनात जन्मभर राहिला. करौलीच्या राजाने आपल्या शेजाऱ्याशी, उणियाऱ्याच्या राजाशी, लढायला पेराँकडून भाड्याने पलटण मागवली होती. त्या काळी हे नेहमीचंच. स्किनर आपली पलटण घेऊन गेला. ऐनवेळी करौलीकरांच्या पगार थकलेल्या तुकड्या शत्रूला मिळाल्या. एकटी पलटण उघड्या मैदानात चहूकडून घेरली गेली. माघार घेत, पुन्हा पुन्हा वळून उभं राहत, स्किनरकडे तीनेकशे माणसं उरली. त्यांना घेऊन तो समोरच्या तोफांवर चालून गेला, आणि एका स्वाराने तोड्याच्या बंदुकीने त्याच्या जांघेत गोळी घातली.

शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. अंगावर विजारीशिवाय काही नव्हतं. लुटारूंनी सगळं काढून नेलं होतं. आजूबाजूला त्याचीच माणसं पडलेली, मेलेली आणि मरणारी. त्यांत गुडघ्याखाली पाय उडालेला एक राजपूत सुभेदार होता आणि भाला आरपार गेलेला एक जमादार. कोणालाही हलता येत नव्हतं. उन्हात पाणी नाही. रात्री कोल्हे प्रेतांवर आले, आणि अगदी जवळ आले की हे लोक हाताला लागतील ते दगड फेकत. अशी ती रात्र गेली. मग एक म्हातारा आणि एक म्हातारी टोपली आणि पाण्याचं मडकं घेऊन आली. चांभाराची बाई. तिने एकेका जखमीला भाकरीचा तुकडा आणि पाणी दिलं. स्किनर प्यायला, जमादार प्यायला. सुभेदाराने नाही म्हटलं. आता काही तासांचाच सोबती आहे, तेवढ्यासाठी धर्म कशाला सोडू, असं त्याचं म्हणणं होतं.

हा सुभेदार माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या आचारापायी स्किनरच्या आईने जीव दिला, तोच आचार इथे पुन्हा त्याच्यासमोर पडून होता. आणि स्किनर जगला तो त्या आचाराने ज्या बाईला गावाबाहेर ठेवलं होतं तिच्या हातच्या पाण्यावर. उणियाऱ्याच्या राजाने नंतर जखमींना उचलून नेलं, स्किनरची चांगली शुश्रूषा केली आणि त्याला मोकळं सोडलं. बरा झाल्यावर स्किनरने त्या म्हातारीला हजार रुपये पाठवले आणि तिला आई म्हणवलं. रणात पडलेला असताना, वाचलो तर चर्च बांधीन, असा नवसही त्याने केला, अशी त्याच्या घराण्यातली आणि दिल्लीतली परंपरा आहे.

१८०१ मध्ये त्याने आणखी एक मोठी मोहीम पाहिली, जॉर्ज थॉमसविरुद्धची. हा आयरिश माणूस एकेकाळी जहाजावर खलाशी होता. नंतर त्याने हरयाणात हांशीला स्वतःचं राज्यच मांडलं होतं. पेराँच्या फौजेने त्याला वर्षअखेरीला हांशीच्या किल्ल्यात कोंडून शरण आणलं. जेम्स आणि त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट दोघेही वेढ्यात होते. हांशी हे नाव लक्षात ठेवावं, ते परत येणार आहे.

मग १८०३ आलं. ऑगस्टमध्ये कंपनीने शिंदे आणि भोसल्यांशी युद्ध पुकारलं, आणि जनरल लेक कानपुराकडून अलिगढवर निघाला. शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज रक्ताच्या अंमलदारांना फितवण्यासाठी कंपनीने जाहीरनामा काढला होता. पेराँने संशय घेऊन अशा सगळ्यांना बडतर्फ केलं. स्किनर निघायला तयार नव्हता. त्याने पेराँला गाठून चाकरीत ठेवण्याची विनवणी केली. २९ ऑगस्टला कोइलजवळ पेराँचं घोडदळ लढल्याशिवायच हटलं, तेव्हाही तो पुन्हा पेराँकडे गेला. आता सगळं संपलं आहे, तूही इंग्रजांकडे जा, असं पेराँने त्याला सांगितलं. थोड्याच दिवसांत पेराँ स्वतःच लेकच्या आश्रयाला गेला.

ज्या कंपनीने त्याला जन्मावरून नाकारलं, तिने ज्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं त्या शिंद्यांची चाकरी त्याला सोडवत नव्हती. खाल्ल्या मिठाला जागणं ही त्याच्या लेखी बोलायची गोष्ट नव्हती. नाइलाजाने तो लेकच्या छावणीत गेला, पण कंपनीची चाकरी घेताना त्याने एक अट घातली: मला शिंद्यांविरुद्ध पाठवायचं नाही. लेकने अट मान्य केली. डिसेंबर १८०३ मध्ये सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि त्यानंतर शिंद्यांशी कंपनीची पुढची लढाई थेट १८४३ मध्ये महाराजपूरला झाली, स्किनरच्या मृत्यूनंतर. त्यामुळे त्या अटीचा कस त्या चार महिन्यांपलीकडे कधी लागला नाही. तरी अट घालणारा माणूस तेव्हा बेकार होता, पंचवीस वर्षांचा होता आणि समोर जिंकत चाललेला सेनापती होता, हे ध्यानात घ्यायला हवं.

४ सप्टेंबरला अलिगढचा किल्ला पडला, ११ सप्टेंबरला यमुनेकाठी पटपडगंजला दिल्लीची लढाई झाली आणि शिंद्यांचा उत्तरेतला अंमल संपला. त्यानंतर पेराँच्या हिंदुस्थानी रिसाल्यातले सुमारे दोन हजार स्वार लेककडे आले. आम्ही चाकरी करायला तयार आहोत, असं त्यांचं म्हणणं. तुमचा सरदार कोण असावा, असं विचारल्यावर त्यांनी एका तोंडाने नाव सांगितलं, सिकंदर साहेब. छावणीत स्किनरला याच नावाने ओळखत.

गोऱ्या सेनापतीने हिंदी स्वारांना सरदार निवडायला सांगावं, ही गोष्ट कंपनीच्या फौजेत नवलाची. शिंद्यांच्या फौजेतून आलेल्या माणसांना तिचं नवल वाटलं नसणार. घोडेस्वार सरदाराच्या नावावर चाकरी धरतो आणि त्याच्या नावावर सोडतो, ही दख्खनची आणि हिंदुस्थानची जुनी रीत. कंपनीला त्या दिवशी एक तयार रिसाला मिळाला, तो त्याच्या रीतीरिवाजांसकट.

त्या रीतीला शिलेदारी म्हणतात, आणि ती समजून घेतल्याशिवाय स्किनरचं कर्तृत्व कळायचं नाही. शिवछत्रपतींच्या फौजेत स्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा-हत्यार स्वतःचं घेऊन येई. महाराजांचा भर बारगिरांवर होता, कारण घोडा सरकारचा म्हणजे माणूस सरकारच्या मुठीत. पेशवाईत आणि शिंदे-होळकरांच्या काळात शिलेदारांचा भरणा वाढला. कंपनीच्या नियमित घोडदळात घोडा, खोगीर, कपडे, सगळा खर्च सरकारचा. स्किनरच्या रिसाल्यात मात्र शिलेदारीच चालू राहिली. स्वाराला महिना वीस रुपयांच्या घरात पगार, आणि त्यात त्याने स्वतःचा आणि घोड्याचा दाणा-वैरण, कपडालत्ता, हत्यार, बिऱ्हाड सगळं भागवायचं. रिसाल्यातल्या त्याच्या जागेला आसामी म्हणत. आसामीला किंमत होती, ती विकता येई, बापाकडून मुलाकडे जाई. ज्याची ऐपत मोठी त्याच्याकडे चार-पाच आसाम्या असत. त्यांवर तो आपले बारगीर बसवी, आणि त्यांच्या पगारातला वाटा त्याचा.

सरकारला हे स्वस्त पडे. स्वारालाही इज्जत होती. तो भाडोत्री नव्हता, स्वतःच्या घोड्याचा धनी होता. यातली मेख एवढीच की घोडा पडला तर नुकसान त्याचं. ज्याची वर्षांची पुंजी घोड्यात अडकली आहे, तो तोफेच्या तोंडी घोडा घालताना कचरणारच. हा दोष पेशव्यांच्या फौजेतही होता आणि तिथल्या अनेक काढत्या पायांचं कारण भित्रेपणापेक्षा हेच आहे. पुढे शिलेदारी रिसाल्यांत यावर चंद्याचा उपाय आला. प्रत्येकाच्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापून एकत्र ठेवायची आणि ज्याचा घोडा मरेल त्याला त्यातून नवा घ्यायला मदत करायची.

हुद्देही ओळखीचेच राहिले: रिसालदार, जमादार, दफेदार, निशाणबरदार. गोरे अंमलदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नियमित घोडदळात तुकडीची हुकमत गोऱ्या कप्तानाकडे असे आणि हिंदी माणसाला शोभेचा हुद्दा. इथे रिसालदार खरोखरच शे-दीडशे स्वारांचा धनी असे. पोशाख पिवळ्या रंगाचा. राजपूत केसरिया घालून मरणाला जातात, तो हा रंग, असं रिसाल्यात मानलं जाई. इंग्रज त्यांना पिवळी पोरं म्हणत. भरती हांशी-हिसार-रोहतककडच्या रांगडांतून, म्हणजे मुसलमान राजपुतांतून, आणि हिंदुस्थानी मुसलमानांतून, जाटही होते.

या रिसाल्याचं पहिलं मोठं काम यशवंतराव होळकरांविरुद्ध. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लेकने भरतपूरवर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. वेढा घालून बसलेल्या फौजेला दाणागोटा पोचवणं, होळकरांच्या स्वारांपासून वाटा राखणं, बातमी काढणं, हे स्किनरच्या माणसांचं काम. होळकरांचा साथीदार अमीरखान रोहिलखंडात घुसला तेव्हा त्याच्या पाठलागावरही हाच रिसाला होता. गनिमी काव्याने चालणाऱ्या शत्रूला पकडायला त्याच मुशीत तयार झालेले स्वार लागतात, हे लेकला पटलं होतं. १८०५ च्या अखेरीस होळकरांचा पाठलाग करत कंपनीची फौज सतलज ओलांडून बियासपर्यंत गेली आणि तिथे तह झाला, तेव्हा स्किनर तिच्याबरोबर होता.

तह होताच काटकसर आली. गव्हर्नर जनरल बार्लोने १८०६ मध्ये रिसाल्याला रजा दिली. लेकने स्किनरला दिलेली जहागीरही काढून घेतली गेली. कारण काय, तर तो ब्रिटिश प्रजाजन आहे आणि ब्रिटिश प्रजाजनाला हिंदुस्थानात जमीन धारण करता येत नाही. पलटणीत घ्यायच्या वेळी तो हिंदी होता, जहागिरीच्या वेळी ब्रिटिश झाला. शेवटी त्याला निवृत्तिवेतनावर समाधान मानावं लागलं.

त्याच्यावाचून चालत नाही हे तीन वर्षांत कळलं. हरयाणात कंपनीचा अंमल बसेना, तेव्हा १८०९ मध्ये स्किनरला पुन्हा स्वार जमवायला सांगितलं. भिवानी घेतली गेली आणि रिसाल्याचं ठाणं हांशीला पडलं, जिथे थॉमसला कोंडलं होतं त्याच किल्ल्यात. पुढची तीसेक वर्षं हांशी हेच त्याचं घर. नेपाळच्या युद्धाच्या वेळी, १८१४ पासून, त्याची फौज तीन हजार स्वारांपर्यंत वाढवण्यात आली. १८१७-१८ च्या पेंढारी मोहिमेतही ती होती. त्याच सुमारास पुण्यात, पेशव्यांवर लादलेल्या तहातून, कंपनीच्या हुकमतीखालचं शिलेदारी घोडदळ उभं राहत होतं, ते पुढे पूना हॉर्स म्हणून नावारूपाला आलं. मराठेशाही बुडत असताना मराठ्यांची घोडदळाची पद्धत कंपनीच्या फौजेत अशी दोन टोकांनी शिरत होती.

१८१९ मध्ये अलिगढकडची जहागीर त्याला कायमची मिळाली. तरी हुद्द्याचं दुखणं बाकी होतं. हजारो स्वारांचा सरदार असूनही कालपरवा विलायतेहून आलेला गोरा अंमलदार कायद्याने त्याच्या वरचढ. १८२५-२६ मध्ये इंग्रज सेनापती काँबरमियरने भरतपूरला वेढा घातला तेव्हा स्किनर रिसाल्यासह तिथे होता, आणि १८ जानेवारी १८२६ ला, एकवीस वर्षांपूर्वी लेकला न मिळालेला तो किल्ला पडला. त्यानंतर १८२८ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि बाथचा किताब दिला. वयाच्या पन्नाशीत, चाकरीला तीस वर्षं उलटून गेल्यावर, तो इंग्रजांच्या दृष्टीने खरा अंमलदार झाला.

हांशीतल्या स्किनरला पाहायचं तर दिल्लीच्या गुलाम अली खान या चिताऱ्याची चित्रं पाहावीत. १८२७ च्या सुमाराचं त्याच्या दरबाराचं चित्र लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. सिकंदर साहेब मध्यभागी बसला आहे आणि त्याच्या भोवती रिसाल्याची माणसं. मांडणी दरबाराची आहे, कवायतीच्या मैदानाची नाही. १८३१ मध्ये रोपडला बेंटिंक आणि महाराजा रणजितसिंह यांची भेट झाली, तेव्हा गव्हर्नर जनरलबरोबर हा रिसाला नेला होता. भरधाव घोड्यावरून भाल्याने खुंटी उपटणं ही अशा स्वारांची रोजची मेहनत, आणि रणजितसिंहांसारख्या घोड्याच्या पारख्यासमोर दाखवायला कंपनीकडे यापेक्षा चांगलं काही नव्हतं.

चाकरीच्या उतारवयात त्याने लेखणीही धरली. १८२५ मध्ये ‘तशरीह-उल-अक्वाम’ हा हिंदुस्थानातल्या जातीजमातींवरचा आणि १८३० मध्ये ‘तज्किरत-उल-उमरा’ हा उत्तरेतल्या राजघराण्यांवरचा, असे दोन सचित्र फारसी ग्रंथ त्याने सिद्ध केले. दुसऱ्याची एक प्रत त्याने सर जॉन माल्कमला भेट दिली. पहिल्या ग्रंथात फकीर, कारागीर, शेतकरी, कोणीही सुटलेलं नाही. चांभाराच्या बाईच्या हातचं पाणी पिऊन जगलेल्या माणसाने हा विषय घ्यावा, याचं मला फार वाटतं. त्याच्या लष्करी आठवणीही मुळात फारसीतच होत्या. जेम्स बेली फ्रेझरने त्यांच्या आधारे १८५१ मध्ये इंग्रजीत दोन खंड छापले. शिंद्यांच्या कवायती फौजेत खालच्या हुद्द्यावर राहून तिच्याबद्दल लिहिणारी माणसं मोजकी, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे पुस्तक लागतंच. वाचताना सावध मात्र राहावं. पेराँबद्दल त्याच्या मनात अढी आहे, मराठी घोडदळाला तो पळपुटं म्हणतो, आणि आठवणी पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या आहेत.

नवसाचं चर्च दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ झालं. सेंट जेम्स चर्च. क्रुसाच्या आकाराची मांडणी, वर घुमट, खर्च नव्वद हजार रुपयांहून अधिक, तोही स्किनरच्या पदरचा. २१ नोव्हेंबर १८३६ ला कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते ते उघडलं.

४ डिसेंबर १८४१ ला स्किनर हांशीला वारला. आधी तिथेच त्याला पुरलं, पण पुढच्या महिन्यात शवपेटी दिल्लीला नेली. रिसाल्याचे स्वार बरोबर होते आणि बघायला लोटलेली गर्दी अशी की बादशहाच्या मयतालाही एवढी माणसं जमली नव्हती, असं लोक म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय पडावेत म्हणून उंबऱ्याखाली पुरावं, अशी त्याची इच्छा असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात त्याला वेदीजवळ जागा दिली.

रिसाला त्याच्यामागे राहिला. १८५७ मध्ये कंपनीच्या बंगाली फौजेतली घोडदळं एकामागून एक उठली किंवा मोडली गेली, तेव्हा मुलतानला असलेला स्किनरचा पहिला रिसाला कंपनीच्या बाजूने टिकला. त्यानंतर राणीच्या सरकारने नवी फौज बांधताना बंगालच्या घोडदळासाठी शिलेदारी पद्धतच पसंत केली. एकेकाळी शिंद्यांच्या छावणीतून आलेली, बेकायदा जन्माच्या सरदाराने वाढवलेली रीत इंग्रजी हिंदुस्थानच्या घोडदळाची रीत झाली आणि साठ वर्षं टिकली. ती मोडली पहिल्या महायुद्धाने. फ्रान्स आणि मेसोपोटेमियात घोडे इतक्या झपाट्याने मेले की स्वाराने स्वतःच्या पैशाने नवा घोडा आणणं अशक्य झालं, आणि समुद्रापार दाणा-वैरण बाजारातून विकत घेणंही. १९२१ मध्ये शिलेदारी बंद झाली, घोडा सरकारी झाला, आणि स्किनरच्या नावाचे दोन रिसाले एकत्र केले गेले. नंतर घोडेही गेले. भारतीय लष्करातली आजची १ हॉर्स ही रणगाड्यांची पलटण, आणि तिच्या नावापुढे अजून स्किनर्स हॉर्स लिहिलं जातं.